रबराचे वार्धक्य

१

बदलीच्या नोकरीत मनुष्य पुष्कळ वस्तू मागे ठेवून जातो, आणि परत येईपर्यंत त्या जशाच्या तशा राहतील अशी त्याची समजूत असते. आमचीही होती. दिल्लीहून शिलाँगला दीड वर्षाच्या नेमणुकीवर जाताना आम्ही आमची मोटार एका स्नेह्यांच्या बंद गॅरेजात ठेवली. ती धुऊन पुसून घेतली, वर जाड कापडाची खोळ घातली, बॅटरी काढून ठेवली आणि किल्ली त्यांच्या हवाली करून आम्ही निश्चिंत मनाने निघून गेलो. परत आल्यावर खोळ काढली तेव्हा रंगाला कोठे धक्का लागलेला नव्हता. टायरांची नक्षी होती तेवढीच खोल होती. परंतु टायरांच्या बगलांवर बारीक भेगांचे जाळे पसरले होते. काचेभोवतीचे बीडिंग वाळलेल्या चामड्यासारखे ताठ झाले होते. दाराचे रबर बोटाने दाबताच तुटून हातात आले. डॅशबोर्डाचे व्हिनिल चिकट लागत होते आणि समोरच्या काचेवर आतल्या बाजूने धुरकट पापुद्रा जमला होता. मिस्त्रीने सर्व बाजूंनी फिरून गाडी पाहिली आणि तो म्हणाला, "साहब, गाड़ी खड़े-खड़े बूढ़ी हो गई."

चालविली नाही म्हणजे झिजली नाही, हा आमचा हिशेब लोखंडापुरता बरोबर होता. रबराच्या बाबतीत तो साफ चुकला. ही चूक मात्र आमच्या एकट्याची नव्हे. रबर नेमके कशाने खराब होते हे समजण्यास माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात त्याने एकामागून एक निरनिराळ्या शत्रूंवर संशय घेतला. उष्णता, प्राणवायू, प्रकाश आणि शेवटी ओझोन असा तो क्रम आहे. मोटारीच्या रबराची आणि व्हिनिलची निगा राखण्याचे जे नियम आज सांगितले जातात, ते ह्या दीर्घ तपासातून निघालेले आहेत. तो तपास ठाऊक नसेल तर नियम उलटे पाळले जातात, आणि ते तसे पाळले जात असलेले आपण रोज पाहतो.

२

ज्या डोंगरांच्या मुलखात आम्ही दीड वर्ष काढले, तेथीलच एका पात्राने ह्या इतिहासाचा हिंदुस्थानातील आरंभ होतो. इ. स. १८१० च्या अखेरीस सिल्हेटच्या मॅथ्यू रिचर्ड स्मिथ नावाच्या गृहस्थाने कलकत्त्याजवळच्या शिवपूर येथील वनस्पती-उद्यानाचे प्रमुख डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे मधाने भरलेले एक पात्र पाठविले. सिल्हेटच्या उत्तरेकडील जैंतियाच्या डोंगरांतून आलेल्या ह्या पात्राला तिकडे 'तुराँग' म्हणत. होती ती वेताच्या कामट्यांची साधी विणलेली परडी. पण तिच्यातून मधाचा थेंबही गळत नव्हता. डोंगरातील एका झाडाच्या चिकाने ती आतून सारवलेली आहे, असे स्मिथने कळविले होते. रॉक्सबर्गला मधापेक्षा त्या अस्तराचेच कुतूहल अधिक. त्याने मध ओतून टाकला, पात्र धुतले आणि आत रबराचा पातळ, सलग लेप पाहून त्याला मोठा आनंद झाला. त्या झाडाला त्याने 'फायकस इलॅस्टिका' असे नाव दिले. आपल्या वडापिंपळाच्याच कुळातले हे झाड आज शहरांतील दिवाणखान्यांत कुंडीत दिसते.

युरोपला रबराची ओळख झाली होती ती मात्र दुसऱ्या दिशेने. पृथ्वीच्या आकाराचे मापन करण्यासाठी दक्षिण अमेरिकेत गेलेल्या ला काँदामीन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३६ साली क्विटोहून पॅरिसला त्याचे नमुने पाठविले. १७७० साली जोसेफ प्रीस्टली ह्या इंग्रज रसायनज्ञाने नोंदवून ठेवले की, ह्या पदार्थाने शिसपेनीचे लिखाण उत्तम पुसले जाते. घासून पुसणारे ते 'रबर', असे इंग्रजी नाव त्याला ह्या एका गुणावरून पडले. आपण पुढे त्याला 'खोडरबर' म्हणू लागलो आणि एकच अर्थ दोनदा सांगून मोकळे झालो.

खोडण्यापुरते हे ठीक होते. कपडे, पादत्राणे, नळ्या इत्यादी वस्तू करावयास घेतल्या तेव्हा रबराचा खरा स्वभाव कळला. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने डांबरापासून काढलेल्या नॅप्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये बसविले आणि पाऊस न शिरणारा अंगरखा केला. हा अंगरखा थंडीत पुठ्ठ्यासारखा ताठ होई आणि उन्हाळ्यात चिकट होऊन घाणेरा वास सोडी. १८३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत रबराच्या धंद्याची मोठी लाट आली. पुष्कळांनी त्यात पैसा घातला. पहिले कडक उन्हाळे येताच पादत्राणे आणि आच्छादने वितळून त्यांचे गोळे झाले, गिऱ्हाइके माल परत आणू लागली आणि कंपन्या बुडाल्या.

ह्या बुडत्या धंद्यात चार्ल्स गुडइयर हा कर्जबाजारी मनुष्य शिरला. रसायनशास्त्राचे शिक्षण त्याला नव्हते. चिकाटी मात्र अमर्याद होती. अमेरिकन टपालखात्याने त्याच्याकडून दीडशे थैल्या मागविल्या. त्या तयार करून त्याने टांगून ठेवल्या आणि काही आठवड्यांनी पाहतो तो उष्णतेने त्यांची पार दुर्दशा झालेली! सरकारी कंत्राट आणि वितळलेल्या थैल्या, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्यावर त्याची काय अवस्था झाली असेल, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखे चिवट झाले, अशी त्याच्या शोधाची कथा सांगतात. पुढची पाच वर्षे त्याने उष्णतेचे आणि गंधकाचे प्रमाण बसविण्यात घालविली आणि १८४४ साली अमेरिकन पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकने त्याच्या आधी अर्ज करून तेथील पेटंट मिळविले होते. हॅनकॉकच्या एका मित्राने ह्या क्रियेला रोमन अग्निदेवता व्हल्कन हिच्यावरून 'व्हल्कनीकरण' हे नाव दिले. गुडइयर १८६० साली वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरांचे कर्ज होते. त्याच्या नावाची टायर-कंपनी १८९८ साली निघाली. तिच्याशी त्याचा वा त्याच्या घराण्याचा संबंध नव्हता.

व्हल्कनीकरणात घडते ते असे. कच्चे रबर म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या मोकळ्या दोऱ्यांचा गुंता होय. तापले की दोरे एकमेकांवरून घसरतात आणि रबर चिकट होते. गंधक ह्या दोऱ्यांना जागोजाग गाठी मारतो. मग ताणलेले दोरे सोडताच मूळ जागी येतात. उष्णतेचा प्रश्न अशा रीतीने सुटला आणि रबर आता चिरंजीव झाले, असे कारखानदारांना वाटू लागले.

३

हा भ्रम दूर होण्यास हिंदुस्थानातील तारायंत्र कारणीभूत झाले. येथील पहिली सरकारी तार १८५१ साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान सुरू झाली. जमिनीखालून वा पाण्याखालून जाणाऱ्या तारांवर त्या काळी गटापर्चाचे वेष्टण घालीत. हा मलायाकडील झाडांचा चीक. रसायनदृष्ट्या रबराचा सख्खा भाऊ. समुद्राच्या तळाशी हे वेष्टण उत्तम टिके. हिंदुस्थानच्या हवेत मात्र ते ठिसूळ होऊन भुगा होऊ लागले. असे खराब झालेले वेष्टण लंडनमधील जर्मन रसायनज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन याने तपासले आणि १८६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: ह्या पदार्थाने हवेतील प्राणवायू शोषून घेतला आहे. चार वर्षांनी जॉन स्पिलरने खुद्द रबराविषयी तेच दाखविले.

ह्या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. रबर जुने होते ते केवळ दिवस लोटल्यामुळे नव्हे, तर हवेशी त्याचा संयोग होत असल्यामुळे. ज्या हवेत आपण श्वास घेतो तीच हवा गॅरेजात उभ्या असलेल्या टायरालाही रात्रंदिवस लागत असते. खोळ घातल्याने ती थांबत नाही. प्राणवायू लांब दोऱ्यांना कोठे तोडतो, तेव्हा रबर मऊ आणि चिकट होते. कोठे त्यांना नको तितक्या गाठी मारतो, तेव्हा ते ताठ आणि ठिसूळ होते. कचेरीतील फायलींना बांधलेली रबरी कडी वर्ष-दोन वर्षांनी कधी कागदाला चिकटून बसते, तर कधी हात लावताच तुकडे होऊन पडते. हे एकाच रोगाचे दोन प्रकार आहेत. उष्णता ह्या क्रियेला वेग देते. तपमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. शिलाँगच्या गारव्यात जे रबर बरीच वर्षे टिकेल, ते दिल्लीच्या किंवा नागपूरच्या पत्र्याच्या गॅरेजात त्याहून पुष्कळ लवकर म्हातारे होईल.

दुखणे समजले, पण औषध सापडले नाही. दरम्यान रबराची गरज वाढतच गेली. १८७६ साली हेन्री विकॅमने ब्राझीलमधून आणलेले सुमारे सत्तर हजार बी लंडनच्या क्यू उद्यानात रुजविले गेले. त्यांची रोपे सिलोनला आणि पुढे सिंगापूरकडे गेली. केरळात पेरियारकाठी तट्टेकाड येथे १९०२ साली व्यापारी लागवडीस आरंभ झाला, आणि स्वातंत्र्यानंतर रबर बोर्डाचे ठाणे कोट्टयम येथे झाले. त्या भागात नोकरी केलेल्यांनी चिकाच्या पिवळसर पट्ट्या धुराच्या खोलीत टांगलेल्या पाहिल्या असतील. त्या धुराने रबराला बुरशी लागत नाही. ॲमेझॉनच्या अरण्यातील चीक गोळा करणारे लोकही ताडफळांच्या जाळावर धुरी देऊनच रबराचे गोळे वळीत. निगा राखण्याचा हा सर्वांत जुना उपाय म्हणता येईल; परंतु तो बुरशीवर चालतो, हवेवर नाही.

४

मोटार आली आणि हा प्रश्न जिवाचा झाला. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर काढला, तो सायकलीसाठी. रॉबर्ट विल्यम टॉमसनने तीच कल्पना १८४५ सालीच नोंदविली होती, पण तेव्हा तिला गिऱ्हाईक नव्हते. आरंभीचे टायर काळे नसत. रबराचा मूळ रंग आणि त्यात घातलेले जस्ताचे भस्म यांमुळे ते पांढरट दिसत. मिशलँ कंपनीचा टायरांचा बनविलेला जाहिरातीतला लठ्ठ माणूस १८९८ साली जन्मला, म्हणून तो आजही पांढरा आहे. १९०४ साली इंग्लंडमधील सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात रबरात काजळी मिसळण्याचा प्रयोग झाला. त्याने रबर कितीतरी पट चिवट होते असे आढळले आणि पुढील दहाबारा वर्षांत टायर काळे झाले. काजळी घातली ती बळकटीसाठी. तिने सूर्यप्रकाशही अडविला, हा फायदा पदरात आपोआप पडला. टायर आणि दाराची रबरे काळीच का, ह्याचे उत्तर येथे आहे.

हवेवरचे औषधही असेच आडवाटेने सापडले. १९०६ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे जॉर्ज ओएनस्लेगर व्हल्कनीकरण लवकर व्हावे म्हणून निरनिराळी द्रव्ये घालून पाहत होता. ॲनिलिन आणि त्याच्या जातीच्या द्रव्यांनी ते काम साधले. १९०८ साली जर्मनीत वोल्फगांग आणि वाल्टर ओस्टवाल्ड ह्या बंधूंनी अशाच जातीची द्रव्ये रबराचा प्राणवायूपासून बचाव करण्यासाठी सुचविली. त्यांचे काम थोडक्यात सांगावयाचे तर, प्राणवायूचा हल्ला रबराच्या दोऱ्यावर होण्यापूर्वी ही द्रव्ये स्वतःच पुढे होऊन तो अंगावर घेतात आणि त्यात खर्ची पडतात. १९२० नंतरच्या दशकात ती कारखान्यांत सर्रास वापरली जाऊ लागली. त्यांची परीक्षा घ्यावयाची तर दहा वर्षे वाट कोण पाहणार? गुडरिच कारखान्यातील विल्यम गीअर याने १९१६ च्या सुमारास रबराचे तुकडे सत्तर अंश उष्ण हवेच्या भट्टीत ठेवून काही दिवसांत वर्षांचे वार्धक्य आणण्याची युक्ती काढली.

इतके झाले, तरी भेगा काही थांबेनात. आणि ह्या भेगांची तऱ्हा मोठी विलक्षण होती. सैल पडलेल्या रबराला त्या जात नसत. ताणलेल्या रबरालाच जात, आणि त्याही नेहमी ताणाच्या दिशेला आडव्या. प्राणवायू असा दिशा पाहून हल्ला करीत नाही. मग हा दुसरा चोर कोण? कित्येक वर्षे सूर्यप्रकाशाला दोष दिला जात होता. १९४६ साली अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतील क्रॅबट्री आणि केम्प यांनी प्रकाशाचे काम आणि ओझोनचे काम निरनिराळे करून दाखविले. प्रकाशाने रबराच्या पृष्ठभागावर कातडे धरते आणि ते तडकते. ताणाला आडव्या जाणाऱ्या खोल भेगा ओझोनच्या. तारायंत्राने सुरू केलेला तपास टेलिफोनने पुरा केला, असे म्हणावयास हरकत नाही.

ओझोन हा प्राणवायूचाच उग्र भाऊ. हवेच्या दहा कोटी भागांत त्याचे चारदोन भाग असले, तरी ताणलेल्या नैसर्गिक रबराला तेवढे पुरतात. रबराच्या दोऱ्यात जागोजाग दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका त्यांवर घाव घालून दोरा तोडतो. ताण नसेल तर तुटलेली टोके जवळच राहतात आणि वरचा थर तसाच टिकतो. ताण असला की चीर उघडते, खालचे ताजे रबर उघडे पडते आणि घाव आणखी आत जातो. लॉस एंजेलिसच्या हवेत मोटारींच्या धुरावर ऊन पडून ओझोन तयार होतो, हे आरी हागेन-स्मिट ह्या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखविले. तेव्हा त्याने मोजमापासाठी वापरले ते वाकवून ताणलेले रबराचे तुकडे! त्यांना भेग पडण्यास जितका कमी वेळ, तितका हवेत ओझोन जास्त. दिल्लीसारख्या शहरात कडक उन्हाळ्यात ह्याच रीतीने ओझोन वाढतो. गाडीच्या वजनाखाली ज्यांच्या बगला सतत फुगून ताणलेल्या राहतात, ते आमचे उभे टायर अशा हवेत दीड वर्ष होते.

५

आता उभ्या गाडीचे कोडे उलगडते. टायर बनविताना रबरात थोडे मेण घालतात. रबरात ते पुरते जिरत नसल्यामुळे हळूहळू पृष्ठभागावर येते आणि तेथे अतिशय पातळ पडदा धरते. हा पडदा ओझोनला आत शिरू देत नाही. टायर फिरतो तेव्हा त्याच्या बगला दबतात आणि फुगतात, मेणाचा पडदा फाटतो, पण त्याच हालचालीने आतले मेण नव्याने वर येते. उभ्या टायरात मेणाची ही ये-जा मंदावते. तो पडदा एकदा विरला, तडकला किंवा पुसला गेला, की ताणलेली बगल हवेसमोर उघडी पडते. अमेरिकन सैन्याला हा अनुभव आमच्या कितीतरी आधी आला होता. १९४२ साली मलाया आणि सिंगापूर जपानच्या हाती गेल्यावर नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला, कृत्रिम रबराचे टायर करावे लागले, आणि कोठारात उभ्या करून ठेवलेल्या वाहनांचे टायर न चालताच तडकू लागले. त्यावर इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड येथील शस्त्रागारात संशोधन होऊन पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी नवी द्रव्ये पुढे आली. ओझोनशी ती स्वतः झगडतात, आणि मेणाप्रमाणेच आतून वर येत राहतात.

ही द्रव्ये हवेशी संयोग पावली की तपकिरी होतात. टायराच्या बगलेवर जो तपकिरी, मळकट थर दिसतो तो पुष्कळ अंशी ह्यांचाच असतो. आपण काय करतो? गाडी धुणाऱ्याला बोलावून तो थर सोडा आणि तारेचा ब्रश लावून घासून काढावयास सांगतो, वर रॉकेलचा बोळा फिरवून टायर काळाभोर करून घेतो आणि बक्षीसही देतो. आपण मळ म्हणून काढतो ते रबराचे चिलखत असते, आणि चमक म्हणून लावतो ते तेल रबरात शिरून त्याला फुगविते आणि आतले मेण बाहेर काढते. पेट्रोलपंपावर गाडीच्या पोटाला डिझेलचा फवारा मारण्याची चाल अशीच घातक आहे. लोखंडाचा गंज त्याने थोडा थांबत असेल. स्प्रिंगांची आणि सांध्यांची रबरे मात्र फुगून निकामी होतात.

तेलातेलांतही भेद आहे. तेलदाबाचे ब्रेक प्रथम आले तेव्हा त्यांतील द्रवात एरंडेल आणि मद्यार्क असे. ह्याचे कारण असे की एरंडेल इतर तेलांपेक्षा निराळ्या जातीचे असून नैसर्गिक रबराला फारसे फुगवीत नाही. त्याच्या जागी एखाद्याने यंत्राचे खनिज तेल ओतले, तर ब्रेकचे रबरी वॉशर फुगून अडकतात आणि ब्रेक निकामी होतो. घाटात अशी वेळ आल्यावर रबराचे रसायन हा केवळ जिज्ञासेचा विषय राहत नाही. आजचा ब्रेकचा द्रव निराळा असतो, पण नियम तोच: डब्यावर जे लिहिले असेल तेच घालावे. दाराच्या रबराला आणि ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावण्याची जुन्या मिस्त्रींची रीत मात्र निर्दोष होती. तिने रबर चिकटत नाही आणि त्याला अपायही होत नाही.

व्हिनिलचे दुखणे रबराहून वेगळे आहे, जरी मोटारीत दोघे शेजारी बसतात आणि एकाच बोळ्याने पुसले जातात. १८७२ साली जर्मनीतील बाउमान याने उन्हात ठेवलेल्या बंद नळीत हा पांढरा घन पदार्थ प्रथम नीट पाहिला. पण तो ताठ आणि ठिसूळ असल्यामुळे कोणाच्या कामाचा नव्हता. १९२६ साली ॲक्रनच्या गुडरिच कारखान्यात वॉल्डो सेमन हा रबर धातूला चिकटविण्याचा डिंक शोधीत होता. त्या खटपटीत त्याने हा पदार्थ उंच तपमानाला उकळणाऱ्या तेलकट द्रवात तापविला. डिंक मिळाला नाही, पण लवचीक व्हिनिल मिळाले. ते तेलकट द्रव्य म्हणजे प्लॅस्टिसायझर. व्हिनिलचा मऊपणा त्याच्या अंगचा नसतो. ह्या पाहुण्याने आणलेला असतो, आणि पाहुणा उन्हाळ्यागणिक थोडा थोडा उठून जातो. बंद गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डातून तो वाफेच्या रूपाने निघतो आणि समोरच्या काचेवर आतून जमतो. काही भाग पृष्ठभागावर येऊन चिकट होतो आणि धूळ धरतो. पुरेसा निघून गेला की व्हिनिल आक्रसते आणि तडकते. शिवाय तीव्र ऊन आणि उष्णता यांनी व्हिनिलच्या रेणूतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटू लागते आणि त्याचा रंग पिवळा-तपकिरी होतो.

बाजारात बाटल्यांतून मिळणारी चकाकी बहुधा सिलिकोनच्या तेलाची असते. सिलिकोन पृष्ठभाग झाकते आणि चमकविते. गेलेला प्लॅस्टिसायझर ते परत आणू शकत नाही आणि पडलेली भेग सांधू शकत नाही. पाण्यात कालविलेले आणि अतिनील किरण शोषणारे द्रव्य असलेले मिश्रण असेल, तर ते काही प्रमाणात खरे रक्षण करते. पेट्रोलियमच्या द्रावकात केलेले मिश्रण रबराला आणि व्हिनिलला एकाच वेळी नाडते. सौम्य साबणाचे पाणी, मऊ फडके आणि सावली ह्या तीन गोष्टींनी पुष्कळसे काम भागते. कोणतीही बाटली काळाचा काटा मागे फिरवीत नाही.

६

शेवटी माणसाने रोगावर औषध शोधण्याऐवजी रोग जडू न शकणारे शरीरच घडविले. १९३० साली अमेरिकेतील ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत निओप्रीन तयार झाले. ओझोन आणि तेल ह्या दोहोंना ते नैसर्गिक रबरापेक्षा पुष्कळ चांगले तोंड देते. साठीच्या दशकाच्या आरंभी इथिलीन आणि प्रोपिलीन यांपासून केलेले 'ईपीडीएम' रबर बाजारात आले. ज्या रसायनाने ते शक्य झाले त्याबद्दल त्सीगलर आणि नाट्टा यांना १९६३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या रबराच्या मुख्य दोऱ्यात दुहेरी बंधच नाहीत; घाव घालावयास ओझोनला जागा सापडत नाही. आजच्या मोटारींच्या दारांची आणि काचांची रबरे बहुतांशी ह्याचीच असतात आणि म्हणून जुन्या गाड्यांतल्यापेक्षा कितीतरी अधिक टिकतात. टायर मात्र अजून जुन्या घराण्यातच आहे. त्याला लागणारी चिवटता आणि रस्त्याची पकड नैसर्गिक रबर आणि त्याचे जवळचे कृत्रिम नातलगच देतात. आणि म्हणून ओझोनरोधक द्रव्यांवाचून त्याचे चालत नाही.

ह्या रक्षणाची किंमत कोठे मोजली जाते, हे अगदी अलीकडे कळले. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सिॲटलच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे अंडी घालण्यास समुद्रातून परत येत आणि पाऊस पडून रस्त्यांचे पाणी ओढ्यात उतरले की काही तासांत मरून पडत. पुष्कळ वर्षे कारण सापडेना. २०२० च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, टायरांत घातले जाणारे '६-पीपीडी' हे रक्षक द्रव्य ओझोनशी झगडताना ज्या नव्या द्रव्यात रूपांतरित होते, ते ह्या माशांना विलक्षण विषारी आहे. टायराचा घाव ज्याने स्वतःवर घेतला, त्याची राख पावसाबरोबर ओढ्यात गेली. त्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न आता चालू झाले आहेत.

आमच्या गाडीपुरता निकाल मिस्त्रीने केव्हाच दिला होता. टायर चारही बदलावे लागले. ते काढताना त्याने बगलेवरील चार आकडी खूण दाखविली. २००० सालापासून तिचे पहिले दोन अंक तयार झाल्याचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी किती उरली हे आपण पाहतो, जन्मतारीख पाहत नाही. पुढच्या नेमणुकीवर जाताना आम्ही स्नेह्यांना दोन विनंत्या केल्या: पंधरा दिवसांतून एकदा गाडी चारपाच मैल फिरवून आणावी आणि टायरांत हवा पुरती ठेवावी. लांब मुदतीसाठी गाडी ठोकळ्यांवर चढवून टायरांवरचा भार काढला, तर तेही चालते. खोळ आम्ही ह्याही वेळी घातली. पण ती उन्हासाठी आणि धुळीसाठी आहे, हवेसाठी नाही, हे आता ठाऊक होते.

सिल्हेटहून आलेल्या त्या परडीची आठवण आम्हांला आता वारंवार होते. मध सर्वांनाच दिसला असता. रॉक्सबर्गने तो बाजूला करून आतले अस्तर पाहिले. मोटारीच्या बाबतीत आपले सारे लक्ष यंत्राकडे आणि रंगाकडे असते. गळती थांबविणारे, धक्का झेलणारे, ब्रेकचा दाब चाकापर्यंत पोहोचविणारे जे काळे, मुके रबर असते, ते तुटून हातात येईपर्यंत आपल्याला दिसत नाही.